टिचकी मारणारा भुंगेरा

पावसाळ्याचे पहिले आठपंधरा दिवस म्हणजे मुंबईंतील दिव्यांभोंवतीं कीटकांची जत्रा भरण्याचे दिवस होत. मृगाच्या सरींनीं जमीन भिजली, कीं वाळवीला पंख फुटतात, पतंग येतात, आणि त्यांच्या मागून कठीण पाठीचे लहानमोठे भुंगेरे खिडकींतून आंत शिरून भिंतींवर टपटप आपटूं लागतात. नायगांवसारख्या दाट वस्तीच्या भागांत, जेथें चाळीला चाळ लागलेली आहे आणि झाडांपेक्षां दिव्यांचे खांबच अधिक दिसतात, तेथेंही हा नेम चुकत नाहीं. अशाच एका संध्याकाळीं आमचा अभ्यासवर्ग चालू असतां जो लहानसा प्रसंग घडला, तोच या लेखाचें कारण होय.

दिव्यावर आदळून एक लांबट, काळसर तपकिरी किडा बाकावर पडला, आणि पडला तो उताणा. मुलांत एकच गडबड उडाली. एकानें त्यास ठेचण्यासाठीं पायांतली चप्पल काढून हातांत घेतली. इतक्यांत 'टक्' असा स्वच्छ आवाज झाला आणि तो किडा वीतभर उंच उडून, हवेंत कोलांट्या घेत, शेजारच्या मुलाच्या वहीवर जाऊन पडला. उगारलेली चप्पल तशीच राहिली. "सर, हा उडाला कसा?" असा चहूंकडून प्रश्न आला. आम्ही वर्षानुवर्षें जें उत्तर देत आलों होतों तेंच याही वेळीं दिलें. नाकतोड्याप्रमाणें हाही पायांच्या झटक्यानें उडतो, असें आम्हीं सांगितलें. त्यावर इयत्ता आठवींतील एक विद्यार्थी, जो एरव्हीं वर्गांत फारसा तोंड उघडीत नाहीं, तो हळूच म्हणाला, "पण सर, त्याचे पाय तर वर होते."

आमच्यापाशीं यास उत्तर नव्हतें. पाय आकाशाकडे असलेला प्राणी पायांनीं जमिनीस रेटा देईल कसा? ही गोष्ट आठवींतल्या मुलास एका क्षणांत दिसली, आणि विज्ञान शिकविण्यांत ज्यांची पंधरावीस वर्षें गेलीं त्या आम्हांस ती दिसली नाहीं. कारण त्यानें किडा पाहिला होता, आणि आम्हीं केवळ उत्तर पाठ केलें होतें. आम्हीं त्या वेळीं वर्गास स्पष्ट सांगितलें, कीं आमचें उत्तर चुकलें. आतां आपण सर्व मिळून पाहूं. किडा कांचेच्या पेल्यांत ओल्या पानासह ठेवला, वर जाळीचें फडकें बांधलें, आणि पुढील चारपांच दिवस जें पाहिलें व वाचलें त्याचा सारांश येथें देत आहों.

कठीण, ढालीसारख्या पंखांच्या आच्छादनावरून भुंगेऱ्यांच्या गणास 'ढालपंखी' म्हणतात. त्या गणांतील 'इलॅटरिडी' नांवाच्या कुळांतला हा प्राणी. स्वीडनचा सृष्टिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५८ सालीं यांपैकीं कांहीं किड्यांस 'इलॅटर' हें ग्रीक शब्दावरून घेतलेलें नांव दिलें. त्याचा अर्थ 'हांकणारा, पुढें ढकलणारा' असा आहे. जगांत या कुळाच्या सुमारें १०,००० जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. या लेखापुरतें आम्ही त्यास 'टिचकी-भुंगेरा' असें म्हणूं. हें नांव त्यास कां शोभतें तें पुढें कळेलच.

त्यास ओळखणें कठीण नाहीं. शरीर लांबट व दोन्ही टोंकांकडे निमुळतें, रंग बहुधा तपकिरी किंवा काळा, पाय आंखूड, आणि मानेसारख्या दिसणाऱ्या पुढील भागाचे मागले दोन्ही कोपरे कांट्यासारखे टोंकदार. पाठ गुळगुळीत व किंचित् फुगीर असल्यामुळें तो एकदां उताणा पडला, कीं त्याचे आंखूड पाय दोहों बाजूंस कितीही हालले तरी जमिनीपर्यंत पोंचत नाहींत. इतर पुष्कळ भुंगेरे अशा वेळीं पाय झाडीत, पंख फडकवीत कसेबसे कुशीवर वळतात. टिचकी-भुंगेऱ्यास मात्र निराळी युक्ति लाभली आहे.

कीटकाच्या शरीराचे डोकें, वक्ष आणि पोट असे तीन भाग असतात, व वक्षाचे पुन्हां तीन खंड असून प्रत्येक खंडास पायांची एक जोडी असते, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. टिचकी-भुंगेऱ्यांत वक्षाचा पहिला खंड दुसऱ्या खंडास बिजागरीसारख्या मोकळ्या सांध्यानें जोडलेला असतो. पहिल्या खंडाच्या खालच्या अंगास, म्हणजे छातीच्या बाजूस, मागें वळलेली एक टणक खुंटी असते, आणि दुसऱ्या खंडावर तिच्या समोर एक खळगा असतो. सारी करामत या खुंटींत व खळग्यांत आहे.

उताणा पडलेला भुंगेरा प्रथम अगदीं स्तब्ध होतो. मग तो आपली पाठ कमानीसारखी वांकवितो. पुढें डोक्याकडचा भाग व मागें पंखांचें टोंक एवढेच जमिनीस टेंकलेले राहतात आणि मधला सांधा वर उचलला जातो. या स्थितींत खुंटीचें टोंक खळग्याच्या कांठावर येऊन अडतें. आंतला मोठा स्नायु सावकाश आकुंचन पावूं लागतो. तो खुंटीस खळग्यांत ओढूं पाहतो, परंतु खुंटी कांठावरील घर्षणामुळें अडून राहते. जसजसा स्नायु ओढतो तसतसा सांध्याभोंवतालच्या लवचिक आवरणावर ताण चढत जातो. शेवटीं ताण घर्षणाहून वरचढ होतो, खुंटी कांठावरून निसटते, खळग्यांत शिरते, आणि सांठलेला ताण एकदम मोकळा होतो. शरीर एका दिशेनें वांकलेलें होतें तें क्षणांत उलट दिशेस मिटतें; त्याच वेळीं 'टक्' असा आवाज होतो, मधला भाग जमिनीस धक्का देतो, आणि किडा हवेंत फेंकला जातो.

हें समजण्यास नायगांवच्या मुलांस दूर जावयास नको. चाळीच्या कोणत्याही मोकळ्या कोपऱ्यांत संध्याकाळीं कॅरमचा फळा मांडलेला असतो. स्ट्रायकर मारतांना बोट नुसतें पुढें ढकललें तर सोंगटी बोटभरही सरकत नाहीं. म्हणून आपण बोटाचें टोंक आंगठ्याखालीं अडकवितों, आंगठ्यावर बोटाचा ताण चढूं देतों, आणि मग बोट निसटूं देतों. टिचकीचा सारा जोर या अडकवून ठेवण्यांत आहे. आंगठा काढून घ्या, बोट तेंच, स्नायु तोच, पण टिचकी नाहीं. भुंगेऱ्याची खुंटी ही त्याच्या शरीरांतील आंगठ्याच्या जागीं आहे. धनुष्याची दोरी, मुलांची गलोल, उंदराचा चाप, हीं सर्व त्याच तत्त्वावर चालतात. बळ हळू हळू सांठवावयाचें, अडसर घालून तें राखावयाचें, आणि एका क्षणांत सोडावयाचें.

आतां या क्षणाचें मोजमाप पाहूं. एव्हान्स नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञानें १९७२ व १९७३ सालीं युरोपांत आढळणाऱ्या एका जातीच्या उडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या किड्याचें वजन सुमारें ४० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे पंचवीस भाग केले तर त्यांतील एक. त्याची उडी ३० सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या वीसपंचवीस पट. परंतु हा वेग घेण्यास त्यास लागणारा काळ एका सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतकाच असतो. त्या अवधींत त्याच्या शरीरावर येणारें त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें ३८० पट असतें. आगगाडी सुरू होतांना आपण किंचित् मागें रेलतों, एवढ्याशा त्वरणानेंही आपला तोल जातो. तेथें ३८० पटींची कल्पना वाचकांनींच करावी.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. अशा प्रसंगीं पुस्तकांत पुष्कळदां असें लिहिलेलें आढळतें, कीं मनुष्यास भुंगेऱ्याचें बळ असतें तर तो बारातेरा मजल्यांची इमारत ओलांडून गेला असता. ही तुलना ऐकण्यास गोड असली तरी न्याय्य नाहीं. प्राणी मोठा झाला म्हणजे त्याच्या स्नायूंचें सामर्थ्य वाढतें हें खरें. परंतु उचलावयाचें वजनही त्याच प्रमाणांत वाढतें. म्हणून लहान व मोठ्या प्राण्यांच्या उड्यांच्या उंचींत त्यांच्या शरीरांइतका फरक पडत नाहीं, हा विचार सतराव्या शतकांतील इटालियन पंडित बोरेली याच्यापासून चालत आला आहे. तेव्हां भुंगेऱ्याचें नवल उंचींत नाहीं, तें काळांत आहे. मोठ्या प्राण्यास उडी घेतांना लांब पाय ताणून वेग वाढविण्यास अंतर व अवकाश मिळतो. इवल्याशा किड्यास तें अंतर मिळत नाहीं. त्यास सर्व वेग डोळ्याचें पातें लवण्याच्याही कितीतरी आधीं घ्यावा लागतो. इतक्या झपाट्यानें आकुंचन पावणारा स्नायु त्याच्यापाशीं नाहीं. म्हणूनच त्यास ताण सांठवून ठेवणें भाग पडतें.

हा सर्व प्रकार किड्याच्या शरीराच्या आंत घडत असल्यामुळें बराच काळ त्याचें अनुमानच करावें लागे. २०२१ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनीं शिकागोजवळील अर्गोन प्रयोगशाळेंतील प्रखर क्ष-किरणांच्या साहाय्यानें जिवंत भुंगेऱ्याच्या सांध्याचीं अतिशीघ्र चित्रें घेऊन प्रसिद्ध केलीं. खुंटी अडणें, ताण चढणें, आणि तो मोकळा होणें या तीनही पायऱ्या त्यांत स्पष्ट दिसून आल्या. पुढें २०२३ सालीं कीटकांच्या या युक्तीवरून किड्याएवढीं उडी मारणारीं यंत्रेंही अमेरिकेंत तयार करण्यांत आलीं. अरुंद भेगांतून शिरून मोठ्या यंत्रांची पाहणी करण्यास, जेथें माणसाचा हात पोंचत नाहीं, अशीं यंत्रें उपयोगीं पडतील अशी त्यांच्या कर्त्यांची अपेक्षा आहे.

आमच्यापाशीं क्ष-किरण नव्हते. एक बाक, एक फूटपट्टी आणि हातरुमाल एवढीच सामुग्री होती. पहिल्यानें भुंगेऱ्यास दोन बोटांत अलगद धरून पाहिलें. पाय कोठेंच टेंकलेले नसतांही तो मान डोलावल्याप्रमाणें टक्, टक् आवाज करीत राहिला, आणि प्रत्येक वेळीं बोटांस बारीकसा हिसका बसला. यावरून झटका पायांचा नव्हे, सांध्याचा आहे, हें आंधळ्यासही पटावें. पक्ष्याच्या चोंचींत किंवा पालीच्या जबड्यांत सांपडला असतां हाच हिसका भक्षकास दचकवून त्याचा प्राण वांचवीत असेल. नंतर त्यास लांकडी बाकावर उताणा ठेवला. तो वीतभर उडाला. मग चौघडी केलेल्या रुमालावर ठेवला, तेव्हां उडी चार बोटांवर आली. मुलांस प्रथम वाटलें, कीं किडा दमला असेल. पुन्हां बाकावर ठेवतांच तो पूर्वीइतकाच उडाला. मऊ पृष्ठभाग धक्क्याचा बराच भाग स्वतःच गिळून टाकतो, हें त्याचें कारण. इस्राएलमधील संशोधकांनींही २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हेंच दाखविलें, कीं कठीण जमिनीपेक्षां पानांवरून या भुंगेऱ्यांची उडी पुष्कळच कमी जाते.

दुसरी एक गोष्ट मुलांच्या लवकरच ध्यानांत आली. भुंगेऱ्यास उडण्याची दिशा ठरवितां येत नाहीं. तो जवळजवळ सरळ वरच जातो. जमिनीशीं होणारा कोन सुमारें ८० अंशांचा असतो, असें मोजणारांनीं सांगितलें आहे. हवेंत तो गरगर फिरतो व कसा पडेल याचा नेम नाहीं. पुष्कळदां तो पुन्हां पाठीवरच पडतो. मग क्षणभर स्तब्ध राहतो, पाठ वांकवितो, आणि पुन्हां टिचकी मारतो. एकदां त्यास सरळ होण्यास लागोपाठ पांच उड्या माराव्या लागल्या. चप्पल उगारणारा मुलगाच त्या मोजीत होता.

या प्राण्याची केवळ स्तुति करून थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्याच्या अळ्या पिंवळसर, चकचकीत व तारेसारख्या कडक असतात, म्हणून इंग्रजींत त्यांस 'वायरवर्म' म्हणजे तारकिडा म्हणतात. त्या जमिनींत राहतात, आणि कित्येक जातींच्या अळ्या दोनचार वर्षें तेथेंच वाढत बटाटे, कंद, कोंवळीं मुळें व पेरलेलें बीं कुरतडतात. शेतकऱ्यास त्या शत्रूच वाटतात, व तें योग्यच आहे. परंतु त्याच कुळांतील दुसऱ्या कांहीं अळ्या कुजक्या लांकडांत राहून इतर किड्यांस खातात. वेस्ट इंडीज बेटांत व दक्षिण अमेरिकेंत तर या कुळाची अशी जात आहे, कीं तिच्या मानेवरील दोन ठिपक्यांतून रात्रीं हिरवट प्रकाश पडतो. तेथील लोक पूर्वीं या किड्यांचा दिव्यासारखा उपयोग करीत व स्त्रिया ते अलंकाराप्रमाणें अंगावर वागवीत. मे-जूनमध्यें सह्याद्रीच्या झाडांवर लखलखणारा आपला काजवा हाही ढालपंखीच असून या कुळाचा दूरचा आप्त आहे.

दारांत आलेल्या किड्याकडे कौतुकानें पाहण्याचा छंद मुंबईस नवा नाहीं. एका स्कॉटिश मिशनरीच्या पोटीं १८५१ सालीं साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे मीठ व जकात खात्यांत नोकरी करीत. परंतु त्यांची खरी ओळख घरांतील उंदीर, पाली, मुंग्या व अंगणांतील कावळे यांवर त्यांनीं लिहिलेल्या खुसखुशीत इंग्रजी लेखांनीं झाली. १८८३ सालीं मुंबईंत ज्या आठ गृहस्थांनीं 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' ही संस्था स्थापिली, त्यांत एटकेन होते, आणि डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन डॉक्टरही होते. त्या मंडळींच्या आरंभींच्या सभा भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील वस्तुसंग्रहालयांत भरत. आज त्या संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे, आणि नायगांवाहून तें फार दूर नाहीं.

शलमोन राजानें आळशास मुंगीकडे जाऊन शिकण्यास सांगितलें, हें आमच्या मुलांस पाठ आहे. त्यांतील 'जाऊन पाहणें' हा अर्धा भाग आम्ही शिक्षकच पुष्कळदां विसरतों. आंखूड पायांच्या प्राण्यास निर्मात्यानें निराळें साधन दिलें आहे, एवढें म्हणून हात जोडणें सोपें आहे. परंतु तें साधन कोणतें हें पाहण्याचा कंटाळा करणें ही कांहीं भक्ति नव्हे. एका मुलानें पाय वर आहेत हें पाहिलें व तें बोलून दाखविण्याचें धैर्य केलें, म्हणून आम्हांस हें सर्व शिकावयास मिळालें. तो गप्प बसता तर आम्ही पुढील वर्षींही तेंच चुकीचें उत्तर तितक्याच ठामपणें सांगितलें असतें, आणि मुलांनीं तें परीक्षेंत लिहून गुणही मिळविले असते. आमच्या विद्यार्थ्यांनीं वर्गांत प्रश्न विचारण्यास भिऊं नये, अशी आमची त्यांस कळकळीची विनंती आहे. शिक्षकाचें उत्तर डोळ्यांस दिसणाऱ्या गोष्टीशीं जुळत नसेल, तर तसें नम्रपणें सांगण्यांत अविनय नाहीं.

पांचव्या दिवशीं आम्ही तो भुंगेरा दादरच्या फाइव्ह गार्डन्समध्यें नेऊन सोडला. पेला नेण्याचा मान चप्पल उगारणाऱ्या मुलानें हट्टानें मागून घेतला होता. एका जुन्या झाडाच्या बुंध्याशीं पेला पालथा करतांच किडा ओल्या गवतावर उताणाच पडला. गवत मऊ, पहिली टिचकी वायां गेली, दुसरीही गेली. एक मुलगा बोटानें त्यास सरळ करावयास वांकला, तेव्हां प्रश्न विचारणारा तो मुलगा म्हणाला, "थांब, तो करतो." तिसऱ्या टिचकीस भुंगेरा पायांवर पडला, क्षणभर थांबला, आणि बुंध्याच्या सालींत दिसेनासा झाला.

यंदाच्या पावसांत आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा पाहुणा आला, तर त्यांनीं चप्पल शोधूं नये. त्यास एका सपाट फळीवर ठेवून उड्या मोजाव्या, आणि आम्हीं येथें लिहिलेल्यांत कांहीं चूक आढळल्यास ती आम्हांस अवश्य कळवावी.